इंग्रजीही एके काळी अपुरी होती

१३९१ साली इंग्रज कवी जेफ्री चॉसरने आपल्या दहा वर्षांच्या मुलासाठी एक पुस्तक लिहायला घेतलं. मुलाचं नाव लुईस. त्याला आकडेमोडीची गोडी होती, म्हणून बापाने त्याला ॲस्ट्रोलेब दिलं होतं. सूर्याची, ताऱ्यांची उंची मोजून वेळ काढायचं हे यंत्र. संस्कृतात त्याला यंत्रराज म्हणत. लुईसचं यंत्र ऑक्सफर्डच्या अक्षांशासाठी बेतलेलं होतं. ते कसं वापरायचं हे सांगणारे ग्रंथ लॅटिनमध्ये होते, आणि प्रस्तावनेत चॉसर मुलाला सांगतो की बाळा, तुला अजून लॅटिन थोडंच येतं, म्हणून मी हे साध्या इंग्रजी शब्दांत लिहितो.

एवढ्यावर तो थांबत नाही. मोठे विद्वान काय म्हणतील याची त्याला धास्ती असावी, कारण तो लगेच बाजू मांडायला लागतो. ग्रीकांना हे ज्ञान ग्रीकमध्ये पुरलं, अरबांना अरबीत, यहुद्यांना हिब्रूत, रोमनांना लॅटिनमध्ये. रोमनांनी तर ते आधी दुसऱ्यांच्या भाषांमधूनच घेतलं आणि मग आपल्या भाषेत लिहिलं. मग तेच निष्कर्ष इंग्रजीत का चालू नयेत?

दरवर्षी शाळाप्रवेशाच्या दिवसांत मला हे पान आठवतं. त्या दिवसांत घरोघरी एक वाक्य ऐकू येतं: मराठी आपली आहे, गोड आहे, पण विज्ञान, कायदा, वैद्यक यांसाठी ती तयार नाही. बोलणारी माणसं मराठीवर प्रेम करणारीच असतात. त्यांचं गृहीत एवढंच की भाषा आधी तयार होते आणि मग तिच्यात ज्ञान लिहिलं जातं. इंग्रजी तशी जात्याच तयार होती, मराठी नाही. इंग्रजीचा सुरुवातीचा इतिहास वाचला की हे गृहीत टिकत नाही. त्या इतिहासात मला त्याहून अवघड गोष्टही दिसते, आणि ती आपल्यासारख्या साहित्याचा अभिमान असलेल्यांना बोचणारी आहे: श्रेष्ठ वाङ्मय असूनही लिखित भाषा मरू शकते. इंग्रजी एकदा तशी मेली होती.

चॉसरच्या साडेसहाशे वर्षं आधीपासून सांगायला हवं. आठव्या शतकात बीड नावाच्या विद्वान भिक्षूने कॅडमनची गोष्ट लिहून ठेवली. हा व्हिटबीच्या मठात गुरं राखणारा माणूस. मेजवानीत वाद्य हाती यायची वेळ झाली की गाता येत नाही म्हणून उठून जायचा. एका रात्री गोठ्यात त्याला स्वप्न पडलं आणि तो इंग्रजीत ईश्वराचं स्तोत्र गाऊ लागला. नऊ ओळींचं ते स्तोत्र आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या इंग्रजी कवितांपैकी एक आहे. बीडने ते दिलं मात्र लॅटिन गद्यात, आणि वर कबुली दिली की कविता शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत नेली तर तिचं सौंदर्य उणावतं. एका इंग्रज माणसाने इंग्रजी कवितेची थोरवी अशी लॅटिनमध्ये नोंदवली.

नंतर उत्तरेकडून वायकिंग आले. ७९३ साली लिंडिसफार्नचा मठ लुटला गेला आणि पुढच्या शंभर वर्षांत मठांबरोबर शिक्षणही उद्ध्वस्त झालं. ८७८ साली एडिंग्टनला वायकिंगांना हरवून वेसेक्स हे दक्षिण इंग्लंडातलं आपलं राज्य राखणाऱ्या आल्फ्रेड राजाने सभोवती पाहिलं तेव्हा त्याला काय दिसलं, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. हंबर नदीच्या दक्षिणेला असे फार थोडे लोक उरले होते की ज्यांना आपल्या उपासनेचा अर्थ इंग्रजीत कळत होता किंवा लॅटिनमधलं एक पत्र इंग्रजीत आणता येत होतं. पूर्वी चर्चं ग्रंथांनी भरलेली होती, पण तिथल्या माणसांना त्यांचा उपयोग नव्हता, कारण ते त्यांच्या भाषेत नव्हते.

आल्फ्रेडचा उपाय मला आजही धाडसी वाटतो. सर्व माणसांनी जाणावेत असे अत्यावश्यक ग्रंथ निवडायचे आणि ‘आपल्या सर्वांना समजणाऱ्या भाषेत’ आणायचे. ज्यांना सवड आणि साधन आहे अशा सर्व स्वतंत्र मुलांनी आधी इंग्रजी वाचायला शिकायचं. पुढे धर्मसेवेत जायचं असेल त्यांनी लॅटिन शिकायचं. तो स्वतः भाषांतराला बसला. कधी शब्दाला शब्द, कधी अर्थाला अर्थ, अशी आपली रीत त्याने सांगितली आहे. पोप ग्रेगरीचा धर्मगुरूंसाठीचा ग्रंथ त्याने इंग्रजीत आणला आणि त्याच्या प्रती राज्यातल्या बिशपांकडे धाडल्या. वुस्टरला पाठवलेली प्रत आजही ऑक्सफर्डमध्ये आहे. तिच्या प्रस्तावनेत आल्फ्रेड म्हणतो की धर्मशास्त्र आधी हिब्रूत होतं, ग्रीकांनी ते शिकून आपल्या भाषेत नेलं, मग रोमनांनी तेच केलं, मग बाकीच्यांनी. तर आपणही करावं.

चॉसरचा युक्तिवाद आणि हा युक्तिवाद एकच आहे. चॉसरच्या काळात आल्फ्रेडची इंग्रजी वाचणारं कुणी राहिलं नव्हतं, त्यामुळे त्याने हा मुद्दा तिथून उचलला असं वाटत नाही. तीच लढाई त्याच देशात त्याच भाषेला पाचशे वर्षांनी नव्याने लढावी लागली. ती का, हे समजून घेतलं पाहिजे.

आल्फ्रेडनंतरच्या शतकात इंग्रजी गद्य बहरलं होतं. त्या काळात युरोपातल्या फार थोड्या लोकभाषांना असं गद्य लाभलं. इतिवृत्तं लिहिली जात होती, कायदे, सनदा, प्रवचनं, औषधांच्या वह्या लिहिल्या जात होत्या. एल्फ्रिक नावाच्या मठाधिपतीने दहाव्या शतकाच्या अखेरीस मुलांसाठी लॅटिनचं व्याकरण चक्क इंग्रजीत लिहिलं. व्याकरणाला त्या इंग्रजीत शब्द होता ‘स्टॅफक्रॅफ्ट’, म्हणजे अक्षरविद्या. खगोलशास्त्राला ‘टुंगोलक्रॅफ्ट’, ताऱ्यांची विद्या. वैद्यकालाही असाच घरचा शब्द होता. ‘बेओवुल्फ’ची एकमेव हस्तलिखित प्रत याच सुमाराची, सन १०००च्या आसपासची. तीन हजारांवर ओळींचं महाकाव्य, सूक्ष्म धर्मचर्चा, परिभाषा, एका प्रदेशाहून मोठी अशी लेखनाची प्रमाण रीत, सगळं होतं.

१०६६ साली हेस्टिंग्जला फ्रान्सच्या नॉर्मंडीतून आलेले, फ्रेंच बोलणारे नॉर्मन जिंकले आणि शंभर-दीडशे वर्षांत त्या परंपरेचा कणा मोडला. इंग्रजी बोलण्यावर बंदी आली नव्हती. शेतात, बाजारात, स्वयंपाकघरात लोक इंग्रजीच बोलत राहिले. बदलली ती बिशपांची, मठाधिपतींची, जमीनदारांची आणि दरबाराची माणसं. हुकूम लॅटिनमध्ये निघू लागले, सरदारांची करमणूक फ्रेंचमध्ये होऊ लागली. इंग्रजी लिहिणाऱ्याला आश्रय राहिला नाही, आणि लिहून कुठे जाता येईल असा रस्ताही राहिला नाही. पीटरबरोच्या मठात इंग्रजी इतिवृत्ताची वही ११५४ पर्यंत तेवढी चालली.

या ऱ्हासाचं एक दृश्य माझ्या मनातून जात नाही. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात वुस्टरला एक लेखनिक होता. त्याचं नाव माहीत नाही. अक्षर थरथरतं, डावीकडे कललेलं, म्हणून अभ्यासक त्याला ‘थरथरत्या हाताचा’ लेखनिक म्हणतात. तो दोनशे-तीनशे वर्षं जुनी इंग्रजी हस्तलिखितं घेऊन बसायचा आणि ओळींच्या मध्ये, समासांत शब्दांचे अर्थ लिहायचा. बरेचसे अर्थ लॅटिनमध्ये. आपल्याच भाषेतले आपल्याच पूर्वजांचे शब्द कळावेत म्हणून परभाषेचा आधार. ज्या पोथ्यांवर त्याचा हात फिरला त्यांत आल्फ्रेडने वुस्टरला पाठवलेली ती प्रतही आहे. ‘आपल्या सर्वांना समजणाऱ्या भाषेत’ लिहिलेला ग्रंथ आता टिपांशिवाय समजत नव्हता. त्याच हाताने उतरवून ठेवलेली एक छोटी कविता आहे. पूर्वी बीड होते, एल्फ्रिक होते, ते आमच्या लोकांना इंग्रजीत शिकवत; आता ती विद्या टाकून दिली आहे, लोक हरवले आहेत, आता दुसरेच लोक त्यांना शिकवतात, असा तिचा आशय. आठशे वर्षांपूर्वीची ती ओळ वाचताना गळा दाटतो.

म्हणून ‘ज्या भाषेत ज्ञानेश्वरी आहे तिला मरण नाही’ असं व्यासपीठावरून कुणी म्हटलं की मला धीर येत नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे १२९०ची. तेव्हा इंग्लंडचे सरदार फ्रेंच बोलत होते आणि लोकभाषेत तत्त्वज्ञान मांडण्यात आपण त्यांच्या फार पुढे होतो. चक्रधरांच्या पंथाने तर मराठीतच लिहायचं असा आग्रह धरला, कारण संस्कृत झालं तर म्हाताऱ्या बायाबापड्या वंचित होतील. हा वारसा अभिमानाचाच आहे. पण ‘बेओवुल्फ’ही होताच, आणि त्याने इंग्रजी गद्याला वाचवलं नाही. तो स्वतः एका प्रतीत कसाबसा उरला, आणि १७३१च्या आगीत तीही कडेने करपली.

मग इंग्रजी परत कशी उभी राहिली? कारणं बरीच होती. १२०४ साली इंग्लंडच्या राजाच्या हातून नॉर्मंडी गेली आणि समुद्राच्या दोन्ही तीरांवर जमिनी असलेल्यांना एक तीर निवडावा लागला. चौदाव्या शतकाच्या मध्यात प्लेगने माणसं कापून काढली आणि उरलेल्यांच्या श्रमाला, आवाजाला किंमत आली. १३६२ साली कायदा झाला की फिर्यादी इंग्रजीत चालवाव्यात, कारण लोकांना फ्रेंच कळत नाही. तो कायदाच फ्रेंचमध्ये लिहिलेला होता, आणि वकिलांच्या लेखनातली फ्रेंच पुढे तीनेकशे वर्षं टिकली. ठराव झाला म्हणून भाषा कामाला लागत नाही, हे आपणही पाहत आलो आहोत.

मला जास्त महत्त्वाची वाटते ती शाळा. जॉन ट्रेव्हिसाने १३८५ साली लिहून ठेवलंय की जॉन कॉर्नवॉल नावाच्या शिक्षकाने व्याकरणशाळेत अर्थ सांगण्यासाठी फ्रेंच सोडून इंग्रजी धरली, दुसऱ्यांनी ते त्याच्याकडून घेतलं, आणि आता इंग्लंडभरच्या व्याकरणशाळांत मुलं लॅटिन शिकतात ती इंग्रजीतून. ट्रेव्हिसा प्रामाणिक माणूस. फायदा सांगतो: मुलं पूर्वीपेक्षा कमी वेळात व्याकरण शिकतात. तोटाही सांगतो: आता त्यांना आपल्या डाव्या टाचेला येतं तेवढंच फ्रेंच येतं, आणि समुद्रापार जायची वेळ आली तर त्यांची अडचण होईल. आजचा पालक नेमकी हीच भीती बोलून दाखवतो. ती भीती खोटी नाही. मुलाला उद्या बंगळुरूला, जर्मनीला जायचं असेल तर त्याला इंग्रजी लागेल, आणि ती उत्तम यावी असं मलाही वाटतं. ट्रेव्हिसाच्या पिढीनेही लॅटिन टाकली नाही. लॅटिन शिकवण्याची भाषा तेवढी बदलली, आणि मुलं लॅटिन लवकर शिकली.

दुसरा माझा आवडता प्रसंग १४२२ सालचा. लंडनच्या बिअर बनवणाऱ्यांच्या संघाने ठरवलं की आपल्या नोंदी यापुढे इंग्रजीत ठेवायच्या. कारण दिलं ते असं: राजा पाचव्या हेन्रीने आपल्या पत्रांत इंग्रजी वापरून मातृभाषेला मान दिलाय, आणि आमच्या धंद्यातल्या पुष्कळांना इंग्रजी लिहिता-वाचता येतं, लॅटिन आणि फ्रेंच मात्र मुळीच कळत नाही. हा ठरावही लॅटिनमध्ये नोंदलेला आहे. पण त्यानंतर वर्गणी, दंड, मेजवानीचा खर्च, भांडणं हे सगळं इंग्रजीत येऊ लागलं. साहित्याच्या इतिहासात बिअरवाल्यांना जागा मिळत नाही. मला ती द्यावीशी वाटते. असल्या हजारो रुक्ष नोंदींतून वाक्य सरळ ठेवायची, हिशेब आणि कारण एका वाक्यात मांडायची सवय भाषेच्या हाताला लागते. आपल्या गृहनिर्माण सोसायटीच्या सभेत भांडण मराठीत होतं आणि इतिवृत्त इंग्रजीत लिहिलं जातं, तेव्हा मराठीच्या हातून हीच तालीम सुटते.

सत्तेला हे कळत होतं, म्हणून ती घाबरलीही होती. जॉन विक्लिफ या धर्मसुधारकाच्या अनुयायांनी १३८०च्या दशकात बायबल इंग्रजीत आणलं. १४०९ साली आर्चबिशप अरुंडेलच्या नियमांनी परवानगीशिवाय असं भाषांतर करायला आणि वाचायला मनाई केली. विक्लिफची हाडं मेल्यावर चव्वेचाळीस वर्षांनी उकरून जाळली. तरी त्या बायबलच्या अडीचशेंहून जास्त हस्तलिखित प्रती उरल्या आहेत. म्हणजे लोकांनी त्या जपल्या. पुढे विल्यम टिंडेलने १५२६ साली जर्मनीतून नवा करार छापून इंग्लंडात पाठवला आणि १५३६ साली तो मारला गेला. १६११च्या ज्या बायबलच्या भाषेचं इतकं कौतुक होतं तिचा मोठा भाग या माणसाचा आहे.

छपाई आली तेव्हाही भाषा ‘तयार’ नव्हती. कॅक्स्टनने १४७६ साली वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला आणि त्याच्यापुढे प्रश्न आला की कुठली इंग्रजी छापायची. १४९० साली त्याने एक किस्सा लिहिलाय. थेम्समधून निघालेले काही व्यापारी वारा पडला म्हणून किनाऱ्यावर उतरले. एकाने एका बाईकडे अंडी मागितली, ‘एग्ज’. ती म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. तो चिडला, कारण त्यालाही फ्रेंच येत नव्हतं. दुसऱ्याने ‘आयरेन’ म्हटलं तेव्हा तिला कळलं. एकाच देशात अंड्याला दोन शब्द, आणि एकाचा शब्द दुसऱ्याला परका. कोल्हापूर, नागपूर आणि जळगावच्या बोली वेगळ्या, त्यामुळे मराठी पाठ्यपुस्तक अवघड जातं, असं कुणी म्हणालं की मला ही बाई आठवते. कॅक्स्टन शब्द एकसारखे होईपर्यंत थांबला असता तर एकही पुस्तक निघालं नसतं.

सोळाव्या शतकातसुद्धा इंग्रजांना इंग्रजीची लाज वाटत होती. थॉमस मोरने ‘युटोपिया’ १५१६ साली लॅटिनमध्ये लिहिली. धनुर्विद्येवर इंग्रजीत लिहिणाऱ्या रॉजर ॲस्कमने १५४५ साली तेवढ्यासाठी समर्थन दिलं. परिभाषेवरून भांडणं झाली. जॉन चीकसारख्या विद्वानाला भाषा शुद्ध हवी होती. त्याने ‘सेंच्युरियन’ऐवजी ‘हंड्रेडर’ असे शब्द घडवले, ते रुजले नाहीत. दुसरीकडे लॅटिनमधून उचललेल्या शब्दांची टर उडवली जात होती, आणि टर उडवलेल्यांपैकी ‘सेलिब्रेट’, ‘कपॅसिटी’ आज कुणालाही खटकत नाहीत. आपल्याकडे पारिभाषिक शब्दांना हसण्याची जी सवय आहे तिच्याबद्दल मला एवढंच वाटतं की कुठला शब्द राहील हे कोशात ठरत नाही. ‘महापौर’ आणि ‘दिग्दर्शक’ हेही एकदा घडवलेलेच होते. लिहिणारे भरपूर असले की वापरातला शब्द उरतो, मग तो संस्कृतातून आलेला असो की इंग्रजीतून.

१५८२ साली रिचर्ड मुलकास्टर नावाच्या शिक्षकाला लिहावं लागलं की मी लॅटिनचा आदर करतो, पण इंग्रजीची पूजा करतो. त्याच्या तीन वर्षं आधी, १५७९ साली, विल्टशरचा एक इंग्रज गोव्याला उतरला होता. थॉमस स्टीफन्स. ज्या पिढीतले इंग्रज आपली भाषा विद्वानांच्या पंक्तीला बसवावी की नाही यावर वाद घालत होते, त्याच पिढीतल्या या पाद्र्याने मराठीत हजारो ओव्यांचं ख्रिस्तपुराण रचलं, ते १६१६ साली छापलं गेलं, आणि त्यात त्याने मराठीला खड्यांमधलं रत्न म्हटलं. त्याला मराठी अपुरी वाटली नाही. जे सांगायचं होतं ते त्याने तिच्यात सांगितलं, शब्द कमी पडले तिथे बनवले.

इंग्रजीच्या बाजूने राज्य होतं, हे मी नाकारत नाही. आपल्याला तो जोर नाही. आणि त्या राज्याने काय केलं हेही विसरता कामा नये: १५३६ साली वेल्सचा कायदा झाला आणि इंग्रजी न बोलणाऱ्याला तिथे सरकारी पद बंद झालं. स्वतः अपमान सोसलेल्या भाषेने वेल्शवर तोच अपमान लादला. मराठीसाठी बोलताना गोंडी, भिली, कोरकू बोलणाऱ्या मुलांची पहिलीची इयत्ता माझ्या डोळ्यांपुढे असते. ट्रेव्हिसाने नोंदवलेला फायदा त्या मुलांनाही लागू आहे.

न्यूटनने गुरुत्वाकर्षणाचा ग्रंथ १६८७ साली लॅटिनमध्ये लिहिला आणि प्रकाशावरचा १७०४ साली इंग्रजीत. न्यायालयांच्या नोंदींतून लॅटिन गेली ती १७३३ साली. आल्फ्रेडपासून मोजलं तर साडेआठशे वर्षं.

माझी भाची आठवीत आहे, इंग्रजी माध्यमात. गेल्या दिवाळीत तिने मला विजेच्या रोधाची व्याख्या इंग्रजीत धडाधड म्हणून दाखवली. म्हणजे काय, असं विचारलं तर गप्प झाली. मग आम्ही मराठीत बोलायला लागलो, गच्चीवरची टाकी, बारीक नळी आणि जाड नळी असं करत, आणि अर्ध्या तासात तिने स्वतःच सांगितलं की लांब तारेत रोध जास्त का असणार. त्या रात्री मी तिच्यासाठी विजेवर मराठीत लिहायला घेतलं. पंधरा पानं झाली आहेत. पहिलं प्रकरण तिने वाचलं आणि पेन्सिलीने तीन ठिकाणी लिहिलं, ‘इथे कळलं नाही’. ती तीन ठिकाणं मी या आठवड्यात पुन्हा लिहितो आहे.